डोंगल घेऊ, कार्ड घेऊ की सरळ वायर ओढू?

प्रश्न : नमस्कार, आमचं घर सोलापुरात पूर्व भागात, अशोक चौकाजवळ. खाली माग आहेत, टॉवेलचं काम चालतं, वर आम्ही राहतो. राउटर खाली ऑफिसात आहे कारण फायबरवाल्यानं वायर तिथंच आणून सोडली. आता मुलीच्या अभ्यासाला आणि जीएसटीच्या बिलांना म्हणून कॉम्प्युटर असेंबल करून घेतला, वरच्या मागच्या खोलीत ठेवला, आणि घरी आणल्यावर कळलं की ह्यात वायफायच नाही. दुकानदार म्हणतो यूएसबीत खोचायचा वायफायचा डोंगल लावा, भाचा म्हणतो डोंगल बेकार, कॅबिनेटच्या आत बसवायचं वायफाय कार्ड घ्या, नेटवाला म्हणतो नवीन राउटर घ्या. प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे. मुलीची परीक्षा मार्चमध्ये, त्यामुळं जरा लवकर सांगा की ओ.

उत्तर : तिघांपैकी एकानंही वर जाऊन मागच्या खोलीत सिग्नल किती येतो ते बघितलेलं दिसत नाही. आधी ते बघू, मग पैसे काढू.

तुमच्या अँड्रॉइड फोनचा मोबाईल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा, आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट जिथं आहे तिथंच, म्हणजे टेबलाखाली असेल तर खाली वाकून, स्पीड टेस्ट घ्या. माग चालू असताना एकदा घ्या आणि संध्याकाळी शेजारीपाजारी सगळे मोबाईल घेऊन बसतात तेव्हा एकदा घ्या. मग तोच फोन चार्जिंगच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडून सेटिंगमधलं यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनला मिळणारं वायफाय त्या केबलमधून कॉम्प्युटरला जातं, म्हणजे फोनच डोंगल झाला, फुकटात. दोन-चार दिवस त्यावर क्लास, बिलं सगळं करून बघा. केबल मात्र डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगची चालत नाही.

३०-४० एमबीपीएसचा स्पीड मिळाला आणि मधेच तुटत नसेल तर तुमचा दुकानदार बरोबर आहे, डोंगल घ्या आणि विषय संपवा. फक्त नखाएवढा छोटा डोंगल घेऊ नका. वायफायचे बँड, म्हणजे पट्टे, दोन, २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ, आणि त्यातले बरेचसे फक्त २.४ वर चालतात, अँटेना नावापुरती, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा तर हात लावू देत नाहीत. बाहेर अँटेना असलेला, २.४ आणि ५ दोन्ही बँडचा घ्या. खोक्यावर ६०० लिहिलंय की १३०० ह्याच्या मागं लागायचं नाही. कंपन्या दोन्ही बँडची बेरीज करून आकडा छापतात, ६०० म्हणजे १५० आणि ४३३, वर थोडं वाढवून, आणि कॉम्प्युटर एका वेळी एकच बँड वापरतो. त्यातही हातात निम्म्याच्या आसपास पडतं. तरी तुमच्या ५० च्या प्लॅनला ते भरपूर झालं.

डोंगल कॅबिनेटच्या मागं खोचायचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. कॅबिनेट पत्र्याचं, मागं भिंत, मग सिग्नल यायचा कुठून? एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर उघड्यावर ठेवा. शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टला हार्डडिस्क लावली असेल तर तिच्यापासूनही लांब, कारण यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ च्याच पट्ट्यात येतो. आणि ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायला नेट पाहिजे, नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे असा घोळ झाला तर परत तो फोन जोडा, काम होतं.

भाच्याचं म्हणणं चूक नाही. कार्ड कॉम्प्युटरच्या आतल्या मदरबोर्डावरच बसतं, कुणाचा पाय लागून निघत नाही, गरम कमी होतं, आणि बहुतेक कार्डात ब्लूटूथही मिळतं (त्याची छोटी वायर बोर्डावरच्या यूएसबीच्या पिनांना जोडावी लागते, ती विसरली की लोक म्हणतात ब्लूटूथ खराब आलं). पण कार्डाच्या अँटेना बऱ्याचदा कॅबिनेटच्या मागंच निघतात, म्हणजे पत्रा आणि भिंतीची तीच कटकट. कार्डच घ्यायचं असेल तर अँटेनाला वायर असलेलं, चुंबकावर उभं राहणारं बघा. बोर्डावर छोटा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट (कार्ड खोचायची खाच) रिकामा आहे का ते दुकानदाराला आधीच विचारा. एवढ्या लहान प्लॅनसाठी मी स्वतः कार्डाच्या नादी लागणार नाही.

आता खरी गोष्ट. तुमचं घर ऐकून मला वाटतं फोनलाच वर रडतखडत सिग्नल येत असणार. मधे सळयांचा स्लॅब, खाली ओळीनं लोखंडी माग, वर जे काही पोचतं ते जिन्याच्या मोकळ्या जागेतून. ५ गीगाहर्ट्झ तर स्लॅबमधून जवळजवळ जातच नाही, आणि २.४ पोचतो पण पेठेतल्या दाट वस्तीत त्याची दाटी झालेली असते, एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११, आणि सगळी गल्ली त्यातच बसलेली. अशा ठिकाणी डोंगल महाग घ्या की स्वस्त, फरक थोडाच.

मग काय, वायर. कॅट ६ ची, म्हणजे नेटची, एक अखंड वायर राउटरपासून जिन्याच्या कडेनं वर न्या आणि सरळ कॉम्प्युटरच्या मागच्या लॅन पोर्टमध्ये (नेटची वायर लावायच्या खाचेत) लावा, जे तुमच्या बोर्डावर आधीपासूनच असणार. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, तुमचा जिना तेवढा नाही. ना डोंगल, ना कार्ड, ना ड्रायव्हरची फार झंझट. फक्त मागाच्या थ्री फेजच्या पाईपातून ती घालू देऊ नका, वायरमन म्हणेल जागा आहे की ओ, तरी नको, धोक्याचं आहे आणि नेटलाही त्रास. वेगळी पट्टी मारून घ्या.

वरच्या मोबाईलांनाही वायफाय पाहिजे असेल तर त्याच वायरच्या टोकाला दुसरा साधा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे वायरनं आलेलं नेट फक्त वायफायनं पसरवायला, लावा आणि त्याच्यातून कॉम्प्युटरला छोटी वायर द्या. म्हणजे नेटवालापण अर्धा बरोबर निघाला, राउटर पाहिजे, पण खालचा बदलायचा नाही, वर एक वाढवायचा. आणि खालच्या राउटरवर मागाचा कापूस बसत असणार, तो उंचावर ठेवा आणि अधूनमधून ब्रश मारा, जाळ्या बुजल्या की तापतो.

प्रश्न : आम्ही विजापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, मालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाही. बेडरूममधल्या कॉम्प्युटरला सिग्नल कमी येतो. रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा, घेतला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण लोक तो कॉम्प्युटरच्या शेजारच्या बोर्डाला लावतात आणि मग बोंबलतात. जिथं सिग्नलच नाही तिथं तो बिचारा काय रिपीट करणार? राउटर आणि बेडरूमच्या साधारण मधे, पॅसेजमध्ये, जिथं फोनला अजून चांगल्या काड्या दिसतात तिथं लावा. एकाच बँडचा असेल तर स्पीड जवळपास निम्मा होतो, कारण त्याच रेडिओवरून ऐकायचं आणि त्यावरूनच बोलायचं, म्हणून दोन बँडचा बघा. बऱ्याच रिपीटरला खाली लॅन पोर्ट असतं, तिथून कॉम्प्युटरला वायर देता आली तर डोंगलचेही पैसे वाचतील. आणि त्याआधी एक करून बघा, राउटर टीव्हीच्या मागं किंवा लोखंडी कपाटाच्या शेजारी असेल तर तो तिथून काढून उघड्यावर, उंच ठेवा. दोन-तीन फूट सरकवला तरी कधीकधी भागतं, खिळापण नको आणि रिपीटरपण नको.