मुलगा तीन वर्षांचा आहे, अजून बोलत नाही. थेरपी आठवड्यातून एकदाच परवडते. नागपुरात घरच्या घरी काय करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की तो तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल उलटा करून चाकंच फिरवत बसतो, म्हणून घरातले लोक तो बैल लपवून ठेवा म्हणतात. लपवू नका. तो ज्यात रमतो, तिथूनच त्याच्यापर्यंत पोचता येतं. माझ्या मुलीला ऑटिझम आहे, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगतेय.

त्याच्यासमोर जमिनीवर बसा. चाक फिरू द्या. मग गमतीने त्यावर बोट ठेवा, "अरे, थांबलं!" म्हणा आणि गप्प राहा. हे गप्प राहणंच सगळ्यात कठीण. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तो बोट ढकलेल, वर बघेल, नाहीतर कुरकुरेल. ते त्याचं बोलणंच समजा, लगेच बोट काढा, "फिरलं!" म्हणा. मग परत. रडायला लागला तर मात्र सोडून द्या.

अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ स्टॅन्ली ग्रीनस्पॅन यांच्या फ्लोअरटाइम पद्धतीत हेच आहे: मुलाच्या खेळात आपण शिरायचं आणि ही देवाणघेवाण हळूहळू लांबवायची. एका वेळी वीसेक मिनिटं, दिवसातून जमेल तितक्यांदा. "हा रंग कोणता? गाय कशी करते?" अशी परीक्षा त्या वेळात नको. उन्हाळ्यात कूलरसमोर तोंड नेऊन "आऽऽऽ" करा, आवाज कसा थरथरतो! माझ्या मुलीला त्याचं भारी वेड. एकदा तुम्ही करा आणि त्याच्या पाळीची वाट बघा.

कोणालातरी पाच मिनिटं मोबाइलवर शूट करायला सांगा आणि ते थेरपिस्टला दाखवा. गोवा आणि रावळपिंडीत झालेल्या अभ्यासात पालकांना असेच व्हिडिओ दाखवून शिकवलं, तेव्हा मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली.

"पोट्टे उशिराच बोलतात, त्याचा बापही उशिरा बोलला" असं कोणी म्हटलं तरी थांबू नका. कानांची तपासणी झाली नसेल तर ती आधी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते, अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करा. निदान ऑटिझमचं निघालं तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचा निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा, आणि थेरपीच्या खर्चाचाही काही भाग त्यात बसतो.