सुकाणू कुणाच्या 'हाती' नसतं

प्रश्न असा आला आहे: गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका पुस्तिकेत 'सुकाणू उजवीकडे फिरवा' असं वाक्य आहे. चाक फिरवलं की त्याचा वरचा काठ उजवीकडे जातो, पण खालचा तर डावीकडे. मग 'उजवीकडे' हे ठरवायचं कशावरून? आणि जाता जाता विचारलं आहे, की सुकाणू हा शब्द 'सु' आणि 'कर्ण' मिळून झाला, हे बरोबर ना?

बरोबर नाही. हे सुकर्ण-प्रकरण मी इतक्यांदा ऐकलंय की आधी त्याचाच निकाल लावतो.

संस्कृतात 'कर्ण' म्हणजे कान, तसंच नाव वळवायचं साधनही. ते धरणारा तो कर्णधार, म्हणजे पूर्वीचा नावाडी आणि आताचा क्रिकेट संघाचा म्होरक्या. इथवर सगळं ठीक. पण त्या कर्णाच्या मागे 'सु' चिकटवून सुकाणू काढणाऱ्यांनी मराठीचे कान कधी तपासलेत का? 'कर्ण'चं मराठीत कान होतं, 'पर्ण'चं पान, 'चूर्ण'चा चुना. सगळीकडे न, ण कुठेच नाही. शिवाय दोन स्वरांमधला एकटा 'क' प्राकृतात गळतो: कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार. म्हणजे सुकर्ण आपल्यापर्यंत पोचलाच असता, तर वाटेत 'क' गमावून आणि 'न' घेऊन. सुकाणूत नेमकं उलट आहे. 'क' ठणठणीत आणि शेवटी 'ण'.

सुकाणू आलंय अरबी 'सुक्कान'वरून. अर्थ तोच, जहाजाच्या मागची पाण्यातली फळी. जोडाक्षर होतं म्हणून 'क' टिकला. आणि 'ण'चं काय? अरबी-फारसीकडून आलेल्या 'आन'चं 'आण' करायची मराठीची जुनी खोड आहे: निशानचं निशाण, कुरानचं कुराण, ईरानचं इराण. राहिला शेवटचा 'ऊ'. तो तारूच्या, म्हणजे जहाजाच्या, संगतीने लागला असावा, असा माझा तर्क आहे. ते तारू, ते सुकाणू. दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही एकाच पाण्यात. कुणाला पटला नाही तर नाही, पण त्याहून बरा तर्क घेऊन भांडायला या.

अरबी म्हटल्यावर काहींचं तोंड वाकडं होतं. त्यांनी समुद्रावरचे बाकीचे शब्द पाहावेत. खलाशी अरबी, नाखवा फारसी, बंदर फारसी. या मंडळींत सुकाणूच तेवढं एकटं संस्कृत कुठून आलं असतं? आणि हा शब्द फक्त आपल्याकडेच उतरला असंही नाही. गुजरातीत सुकान आणि ते धरणारा सुकानी, तमिळमध्ये सुक्कान, मल्याळममध्ये चुक्कान. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत उसुकानी, आणि तिथे मोटारीच्या स्टिअरिंगलाही हाच शब्द.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते. अरबी कोशकार सुक्कान हा शब्द स-क-न या धातूपासून काढतात. धातूचा अर्थ स्थिर होणं, निवांत होणं. ज्याच्यामुळे जहाजाचं हेलकावणं थांबतं, ते सुक्कान. ज्याला आपण 'वळवणारं' समजतो, त्याला नाव देणाऱ्याला ते 'थांबवणारं' वाटलं! मला तर हे शंभर टक्के पटतं. सुकाणूला हात न लावता होडी सोडून बघा, ती सरळ जात नाही. सुकाणूचं बरंचसं काम वळवण्याचं नसून न वळू देण्याचं असतं.

याच धातूतून 'सुकून' येतो, आणि जुन्या मराठी कागदांमध्ये गावाच्या नावाआधी दिसणारा 'साकीन', म्हणजे राहणारा, तोही. 'मिस्कीन'लाही, म्हणजे गरीब, दीनवाण्या माणसालाही, अरबी कोशकार इथेच बसवतात. (आपला 'मिस्कील' या मिस्कीनचाच बिघडलेला नातू असावा असं मला फार दिवसांपासून वाटतंय. वरून गरीब गाय, आत खट्याळपणा. पण तो विषय पुन्हा कधीतरी.) भाषाशास्त्राचे पंडित मात्र सुक्कानची वाट अरामी या जुन्या भाषेतून थेट प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेच्या 'सिक्कन्नू'पर्यंत नेतात आणि स-क-नची जोड मागाहून लावलेली म्हणतात. असेल. तिथला 'ऊ' पाहून मात्र हरखू नका, तो विभक्तीचा प्रत्यय आहे, आपल्या सुकाणूशी त्याचा काही संबंध नाही.

आता पुस्तिकेकडे. सुकाणू पाण्याखाली असतं. ते फिरवायला वर दांडा असतो किंवा चाक असतं. त्यामुळे 'पक्षाचं सुकाणू हाती घेतलं' हे वाचलं की मला हातात ओली फळी घेतलेला नेता दिसतो. शब्दाचा अर्थ ताणला जातो, हे मलाही कळतं. पण दांडा, चाक आणि फळी या तिघांना एकच शब्द वापरला की उजव्या-डाव्याचा घोळ होणारच. आणि झालाही होता. दांडा डावीकडे ढकला: फळी उजवीकडे जाते, पाणी तिच्यावर आदळून जहाजाचा मागचा भाग डावीकडे लोटतं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे वळते. इंग्रजी जहाजांवर हुकूम दांड्याच्या दिशेने द्यायची रीत होती, आणि दांडा जाऊन चाक आलं तरी ती सुटली नाही. 14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिकवर हुकूम सुटला तो 'हार्ड अ-स्टारबोर्ड', म्हणजे शब्दशः पुरतं उजवीकडे. चाकावरच्या माणसाने ते बरोबर डावीकडे फिरवलं, आणि जहाज डावीकडेच वळू लागलं. त्यात कुणाची चूक नव्हती, रीतच ती होती. ब्रिटिश जहाजांवर ती बदलली 1933 मध्ये.

पहिल्या मोटारींनाही चाक नव्हतं. बेन्झच्या 1886 च्या तीनचाकीला दांड्यासारखी मूठ होती. 1894 च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत व्हाशरों नावाच्या स्पर्धकाने आपल्या पानार मोटारीला चाक लावलं, आणि पुढच्या काही वर्षांत दांडे गेले.

हां, वरचा काठ की खालचा! फिरत्या वस्तूची दिशा आपण माथ्यावरून सांगतो, बस. घड्याळाचा काटाही बारावरून उजवीकडे निघतो आणि सहावरून डावीकडे. तरी सहावर आल्यावर तो उलटा फिरू लागला असं कुणी म्हणत नाही. चाक उजवीकडे म्हणजे त्याचा माथा उजवीकडे. गाडीही तिकडेच जाते, म्हणून हे कधी कुणाला खटकत नाही. फक्त एका ठिकाणी तुमची शंका खरी ठरते. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेताना चाक खालून धरायला शिकवतात, कारण तिथे खालचा हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलरचं शेपूट जातं. पुस्तिकेत ते पान असेल तर तिथेही 'सुकाणू' छापलं असणार. खोडा आणि 'चाक' लिहा.