डॉक्टर असताना नर्सला एवढं शिकायचं काय असतं?

तुम्ही विचारलंय: "औषध डॉक्टर लिहून देतात, नर्स ते देते. मग त्यासाठी तीन-चार वर्षं शिकायचं काय असतं? बहीण नर्सिंगला जायचं म्हणतेय. काम नेमकं काय आणि त्रास काय, ते सांगा." प्रश्न जरा टोचला, पण राग नाही आला. सोळा वर्षं वॉर्डात काढली आहेत, हा प्रश्न घरच्यांकडूनही ऐकलाय.

एक रात्र सांगते. आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडलेले एक आजोबा होते, ऑपरेशननंतरची चौथी रात्र. ताप नाही, बीपी ११०/७०, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९६. कागदावर सगळं छान. पण आजोबा चादर चिमटीत धरून ओढत होते आणि "खिडकी लावली का?" हे त्यांनी दहा मिनिटांत दोनदा विचारलं. खिडकी लावलेलीच होती. मी घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजले. २६ भरले. मोठ्या माणसाचे विश्रांतीत १२ ते २० असतात.

आता गंमत बघा. श्वास मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही, म्हणूनच तो आकडा न मोजता अंदाजाने ठोकून दिला जातो. चार्ट उघडा, ओळीने १८, १८, २० दिसतील. आणि नेमका तोच आकडा बऱ्याचदा आधी बिघडतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला की रक्तात आम्ल साठतं आणि ते बाहेर टाकायला माणूस भराभर श्वास घेतो. बीपी मात्र बराच वेळ टिकतं, कारण शरीर उसनंपासनं करून भागवत असतं. ते पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. तीन-चार वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र शिकवतात ते यासाठी. शिवाय शेकडो तास वॉर्डात उभं राहावं लागतं, आणि शेवटी नोंदणी किंवा परवाना मिळाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. रात्रीचे तीन वाजले होते. "सॅच्युरेशन ठीक आहे ना? सकाळी बघू." अर्ध्या तासाने पुन्हा केला, या वेळी शिकवलेल्या पद्धतीने: आत्ता काय होतंय, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, तुम्ही काय करावं. ही चार पायऱ्यांची पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आलेली आहे. तिथेही अर्धवट निरोप जिवावर बेततो. "पोटातली शिवण गळतेय अशी शंका आहे, तुम्ही येऊन बघावं" हे वाक्य बोलताना माझा घसा कोरडा पडला होता. डॉक्टर चिडून आले, पोटाला हात लावला आणि गप्प झाले. शिवण गळत होती. पहाटे आजोबा पुन्हा टेबलावर होते.

तेव्हा "लिहिलेलं देते" एवढं ते काम नाही. आणि लिहिलेलं देणंसुद्धा डोळे मिटून होत नाही. इन्शुलिनच्या आकड्यापुढे कोणी घाईत इंग्रजी 'यू' अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा असा नियम आहे, आणि इन्शुलिन दोघींनी मिळून तपासायचं अशी पद्धत. पोटॅशियम सलाईनमध्ये मिसळून सावकाश जातं. तेच थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. औषध लिहिणाऱ्याची चूक पकडायची शेवटची संधी सुई टोचणारीकडे असते, तिच्यानंतर कोणी नसतं.

स्पंज देणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं याला लोक नाक मुरडतात. मला तर स्पंजची वेळ आवडते, कारण तेव्हा माणूस पूर्ण दिसतो. माकडहाडाजवळची कातडी लाल दिसली की बोटाने दाबून बोट उचलायचं. क्षणभर जागा पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी. सावळ्या कातडीवर हे बऱ्याचदा दिसतच नाही, मग जागा गरम किंवा घट्ट लागते का ते हाताने बघावं लागतं. हे मला पुस्तकाने नाही, एका इनचार्ज सिस्टरने माझा हात धरून शिकवलं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांना माहीत असतो. पण १८५४ साली ती ३८ जणींना घेऊन क्रिमियन युद्धाच्या वेळी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या इस्पितळात गेली, तिथे सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरत होते, आणि पुढे तिने तो हिशेब आकड्यांत आणि आकृत्यांत मांडला, हे कोणी सांगत नाही. मग १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. चार्टिंगचा कंटाळा आला की मी स्वतःला हे आठवून देते. नेहमी उपयोग होतो असं नाही.

आता त्रास. पाठ जाते, पाय सुजतात, हे ओघाने आलंच. चुकून स्वतःलाच सुई टोचण्याची भीती खरी आहे: वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायला जाऊ नये आणि हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्यावी, हे बहिणीला पहिल्या दिवशीच सांगा. रात्रपाळीमुळे झोपेचं गणित कायमचं बिघडतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय.

पण माझी खरी तक्रार माणसांच्या तुटवड्याची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामध्ये ऑपरेशन झालेल्या दोन लाखांहून जास्त रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळली. कॅलिफोर्नियात तर नियमच आहे, आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन रुग्ण. मी मात्र एकटीने अठ्ठावीस जणांची नाइट केली आहे. त्या रात्री कोणाचे श्वास पूर्ण मिनिट मोजले असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. १८, १८, २० मीसुद्धा लिहिलेत.

बहिणीला रक्ताची भीती वाटते का, हे विचारू नका, ती भीती महिनाभरात जाते. एकदा खेकसलेल्या माणसाला अर्ध्या तासाने परत फोन लावेल का, एवढं विचारा. संकोची स्वभाव असेल तरी हरकत नाही, मीही तशीच होते. पण हे शिकावं लागतं आणि कॉलेजात त्याचे मार्क नसतात.

आजोबा तीन आठवड्यांनी घरी गेले. जाताना सर्जनचे दोन्ही हात धरून रडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, माझा चष्मा कुठे ठेवलाय?" ड्रॉवरमध्ये होता, वर्तमानपत्राखाली.