‘आमचं आम्ही बघू’ म्हणण्याआधी

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांकडून अखेरच्या आजारपणाबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. नियम इंग्लंडचे आहेत.

सासूबाई ७९ वर्षांच्या. पोटातला कॅन्सर यकृतात पसरलाय. डॉक्टरांनी हॉस्पिसचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेचं, नाव काढलं, तेव्हा ह्यांनी ‘आमचं आम्ही बघू’ म्हणून सांगितलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि कॅन्सर आहे हेही त्यांना ठाऊक नाही. डॉक्टरांशी बोलणं हेच करून देतात. हे बरोबर आहे का?
*– एक वाचक, लेस्टर*

याच आठवड्यात जीपीला (आपल्या फॅमिली डॉक्टरांना) फोन करा आणि आम्हाला हॉस्पिसची मदत हवी आहे असं स्पष्ट सांगा. हॉस्पिसचं बरंचसं काम रुग्णाच्या घरी येऊन चालतं आणि त्याचे पैसे कुटुंबाकडून घेतले जात नाहीत. आशियाई कुटुंबं आपली माणसं आपणच सांभाळतात, असा इथे अनेक कर्मचाऱ्यांचा समज असतो. त्यामुळे एकदा नको म्हटलं की पुन्हा कुणी विचारेलच याची खात्री नाही. मग शेवटी मध्यरात्री ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते आणि घरीच शेवटचा श्वास घेऊ शकलं असतं ते माणूस कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर जातं. प्रकृती झपाट्याने ढासळत असेल तर ‘फास्ट ट्रॅक कंटिन्युइंग हेल्थकेअर’ (सरकारी खर्चाने शुश्रूषेची तातडीची सोय) हे नाव घेऊन मागणी करा. अर्ज डॉक्टर किंवा नोंदणीकृत नर्स भरतात, त्यासाठी मिळकत तपासत नाहीत, आणि शक्यतो ४८ तासांत व्यवस्था व्हावी अशी अपेक्षा असते.

मुलाने दुभाषा होणं मात्र थांबवा. डॉक्टर म्हणतात, ‘आजार बरा होणार नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवू.’ आईच्या कानावर येतं, ‘औषधं बदलणार आहेत.’ आई सांगते, पोटात आग पडते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टरांपर्यंत पोचतं, ‘थोडं दुखतंय.’ मग औषधही थोड्या दुखण्यापुरतंच मिळतं. यात मुलाचा दोष नाही. आईला मरणाची बातमी देण्याचं काम त्याच्यावर यायलाच नको होतं. एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) दुभाषा फुकट मिळतो. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ असं नोंदवून घ्या, नाहीतर गुजराती दुभाषा येऊन बसेल. फोनवरचा दुभाषाही चालतो.

सासूबाईंना सगळं एका दमात सांगायची गरज नाही. दुभाष्यामार्फत त्यांनाच विचारू द्या, ‘आजाराबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय? आम्ही कुणाशी बोलू?’ ‘मुलाशी बोला, मला नका सांगू’ हे उत्तरही डॉक्टर मान्य करतात. पण ते सासूबाईंच्या तोंडून यायला हवं, कारण नुसत्या नात्याने मुलाला त्यांच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर हक्क मिळत नाही. तो हवा असेल तर त्यांची समज शाबूत आहे तोवर प्रकृती व शुश्रूषेसाठीची ‘लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी’ करावी लागते. नोंदणीला कित्येक आठवडे जातात, म्हणून कागद आत्ताच भरा.

वडिलांना मॉर्फिन सुरू केलंय. आई म्हणते, यानं माणूस लवकर जातं.
*– एक वाचक, हॅरो*

दुखण्याच्या मापात दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. भीती वाटते कारण ते अनेकदा अगदी उशिरा सुरू होतं आणि मृत्यू त्याच्या पाठोपाठ येतो. पातळ औषध साधारणपणे ५ मिलिमध्ये १० मिग्रॅ असतं. म्हणजे २.५ मिग्रॅ लिहून दिलं असेल, तर सव्वा मिलि. हे माप चमच्याने कधीच घेऊ नका, औषधाबरोबर मिळणारी तोंडाने द्यायची सिरिंज वापरा. झोप आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता आपोआप जात नाही, त्यासाठी पहिल्या दिवसापासून रेचक हवं. हातपाय झटकणं, भ्रम किंवा न उतरणारी गुंगी दिसली तर नर्सला लगेच कळवा. मूत्रपिंडं मंदावली की मॉर्फिन अंगात साठतं, अशा वेळी औषध बदलता येतं. वडील एकादशीला गोळ्या टाळत असतील किंवा जिलेटिनची कॅप्सूल त्यांना चालत नसेल, तर तेही सांगा. कातडीवर लावायचा पॅच किंवा पातळ औषधाची सोय होऊ शकते.

आई व्हिजिटर व्हिसावर आली आणि इथेच गंभीर आजारी पडली. हॉस्पिस परवडेल का?
*– एक वाचक, रेडिंग*

व्हिजिटरला हॉस्पिटलच्या उपचारांचं बिल येतं, पण नोंदणीकृत धर्मादाय हॉस्पिसने दिलेली पॅलिएटिव्ह केअर (त्रास हलका करणारी शुश्रूषा) या आकारणीतून वगळलेली आहे. हे हॉस्पिटलच्या बिलिंग विभागातही सगळ्यांना माहीत नसतं, म्हणून तुम्हीच निदर्शनाला आणून द्या. जीपीकडची तपासणी मोफत असते. तातडीचे उपचारही पैशांसाठी अडवता येत नाहीत, बिल मात्र मागून येतं. आईला मायदेशी न्यायचं असेल, तर विमान कंपनीच्या वैद्यकीय परवानगीचा अर्ज डॉक्टरांकडून आधीच भरून घ्या. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर मोफत सेवा देतं. मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यात शांती अवेदना सदन आहे. तिकीट काढण्याआधी तिथे बोलून घ्या.

अखेरच्या क्षणी तुळशीपत्र, गंगाजल, जमिनीवर घेणं हे हॉस्पिसमध्ये करू देतात का?
*– एक वाचक, स्लाव*

बहुतेक ठिकाणी करू देतात, पण आधी सांगावं लागतं. ‘ॲडव्हान्स केअर प्लॅन’मध्ये, म्हणजे रुग्णाच्या इच्छा आधीच नोंदवायच्या कागदात, हे लिहून घ्या: मंगळसूत्र, जानवं काढू नये, अंघोळ घरचे घालतील, जमिनीवर गादी हवी. गिळता येत नसेल तर गंगाजल चमच्याने ओतू नका, ठसका लागतो. ओठ ओले केले तरी पुरे. ऑक्सिजन चालू असताना निरांजन नाही, विजेचा दिवा लावा.

दहन त्याच दिवशी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ९ सप्टेंबर २०२४ पासून डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र आधी मेडिकल एक्झामिनर (उपचारांत सहभागी नसलेले वरिष्ठ डॉक्टर) तपासतात, त्यानंतर पाच दिवसांत नोंदणी करायची असते. रुग्णाला हयातीत पाहिलेला डॉक्टरच उपलब्ध नसेल, तर प्रकरण कॉरोनरकडे (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाऊन आणखी दिवस लागू शकतात, म्हणून जीपीला घरी येऊन पाहायला सांगत राहा. मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती नोंदणीच्या वेळीच घ्या, भारतातल्या बँकेच्या आणि मालमत्तेच्या कामांना त्या लागतात.