कालचा निर्णय आजच्या एजंटला कोण सांगणार?

प्रश्न: आमची चार जणांची टीम आहे आणि हल्ली निम्मं कोडिंग एआय एजंटच करतात, कुणाचा टर्मिनलमध्ये चालतो कुणाचा एडिटरमध्ये. वैताग असा की याला सांगितलेलं त्याला माहीत नसतं. मध्यंतरी एका एजंटबरोबर दोन तास डोकं लावून आम्ही युजरच्या परमिशनचं कॅशिंग, म्हणजे एकदा तपासलेली परमिशन थोडा वेळ साठवून तीच वापरणं, काढून टाकलं, कारण अ‍ॅक्सेस काढून घेतलेल्या माणसालाही पुढची दहा मिनिटं सगळं दिसत राहायचं. दोनच दिवसांनी दुसऱ्या एजंटला म्हटलं एपीआय स्लो आहे बघ जरा, तर त्याने तेच कॅशिंग परत आणून बसवलं, वर कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, 'परफॉर्मन्स सुधारला' असा शेरा! आता सगळी चॅट सेव्ह करून प्रत्येक एजंटला द्यायची का, की मेमरीवालं एखादं टूल घ्यायचं?

उत्तर: आधी त्या दुसऱ्या एजंटची बाजू घेतो. त्याला दिसलं काय, तर प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसवर एक क्वेरी जातेय. कालच जॉइन झालेल्या माणसानेही तिथे कॅशच टाकला असता. कोडमध्ये जे आहे ते दिसतं हो, पण जे मुद्दाम काढलंय ते कसं दिसणार? आणि मॉडेलचं तर सेशन संपलं की पाटी कोरी, पुढच्या वेळी त्याच्यासमोर जे ठेवाल तेवढंच त्याचं जग.

अख्खी चॅट मात्र देऊ नका. दोन तासांतला दीड तास तुम्ही भलत्याच वाटेवर होता ना, ते सगळं वाचून तो सोडून दिलेला विचारही ठरलेला समजतो. शिवाय कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेलसमोर एका वेळी ठेवता येणारा मजकूर, कितीही मोठा असला तरी लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातलं मॉडेलच्या नजरेतून निसटतं, हे 2023 मधल्या रिसर्चमध्ये दिसलंय, मॉडेल तेव्हापासून सुधारलीत पण भरवसा ठेवू नका. आणि कॉन्टेक्स्ट भरत आला की बरेच एजंट आधीच्या बोलण्याचा सारांश करून पुढे जातात, त्यात 'काय केलं' टिकतं, 'का केलं' गळतं.

यावरचा उपाय एआयच्या आधीचा आहे. मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्डची पद्धत मांडली, म्हणजे एका निर्णयाला एक छोटी फाइल, परिस्थिती काय होती, काय ठरलं, स्टेटस काय, परिणाम काय, आणि ती रेपोमध्येच, म्हणजे कोड जिथे ठेवता तिथेच. तुमच्या केसमध्ये एवढं पुरलं असतं:

*परमिशन कॅश करायच्या नाहीत. अ‍ॅक्सेस काढल्यावर तो लगेच बंद झाला पाहिजे. कॅशची मुदत कमी करायचा विचार केला होता, सोडला, कारण थोडा वेळ तरी चुकीचा अ‍ॅक्सेस राहतोच. एपीआय स्लो वाटला तर आधी डेटाबेसचे इंडेक्स बघा.*

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात कामाचं! नाहीतर पुढचा एजंट शहाणपणा करून 'मग तीस सेकंदांचा कॅश ठेवू' म्हणणारच.

या फाइली आहेत हे एजंटला कळायला रेपोमध्ये एजंट्स डॉट एमडी नावाची फाइल ठेवा, ती बरेच एजंट सुरुवातीलाच वाचतात. क्लॉड कोड वापरत असाल तर तो एजंट क्लॉड डॉट एमडी नावाची फाइल शोधतो, तिच्यात एजंट्स डॉट एमडी इम्पोर्ट करा, तोच मजकूर दोन ठिकाणी सांभाळत बसू नका. एजंट्स डॉट एमडीच्या आत निर्णय कोंबू नका, फक्त 'परमिशनच्या कोडला हात लावण्याआधी अमुक फाइल वाच' एवढंच. निर्णय बदलला तर जुनी फाइल डिलीट न करता 'रद्द, नवीन बघा' असं वर लिहा. आणि खरं सांगू का, एजंट नोट वाचूनही विसरतो, म्हणून अ‍ॅक्सेस काढल्यावर पुढचीच रिक्वेस्ट अडते का याची टेस्ट लिहा. लाल, म्हणजे नापास झालेल्या, टेस्टकडे काणाडोळा करणं त्याला जड जातं.

मेमरीचं टूल सध्या नको. चार जणांच्या टीमला कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट पुरतं, कुणी कधी काय बदललं तेही दिसतं.

प्रश्न: ही नोट एजंटलाच लिहायला सांगितली तर? आणि दोन एजंट एकाच वेळी वेगवेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या प्रतींवर, असतील तर?

उत्तर: लिहू द्या की, सेशन बंद करण्याआधीच सांगा म्हणजे सगळं ताजं असतं. फक्त 'का' वाला भाग स्वतः वाचा, कारण माझ्या एजंटने एकदा 'स्केलेबिलिटीसाठी' असं ठोकून दिलं होतं, त्या अख्ख्या चर्चेत स्केलेबिलिटीचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

ब्रँचचं म्हणाल तर एकीवरचा निर्णय मर्ज होईपर्यंत, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळेपर्यंत, दुसरीला दिसतच नाही. म्हणून निर्णयाची फाइल कोडबरोबर अडकवू नका, तेवढीच आधी मेन ब्रँचमध्ये टाका आणि दुसऱ्या ब्रँचवर ओढून घ्या. फाइलच्या नावात अनुक्रमांकाऐवजी तारीख नि विषय घाला, आमच्याकडे दोन एजंटांनी एकाच दुपारी 14 नंबरचे दोन वेगवेगळे निर्णय करून ठेवले होते.