लॉकडाऊनमध्ये कॉलेजच्या मित्रासोबत क्वारंटाइन राहिलेलं कुणी आहे का? अनुभव कसा होता? मैत्री टिकली का?

टिकली. पण मधले काही दिवस ती नव्हती, आणि त्यात चूक कुणाची होती हे मला अजूनही धड सांगता येत नाही.

2020 साली मी पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. नऱ्ह्यात एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. 9 मार्चला पुण्यात दुबईहून आलेले पेशंट सापडले, पुढच्या आठवड्यात कॉलेज बंद झालं. दोघं बॅगा भरून घरी गेले. मी आणि बापू (खरं नाव नाही, पण खोलीवर सगळे त्याला बापूच म्हणायचे) मागे राहिलो, कारण 31 मार्चनंतर सबमिशन होणार यावर आमचा ठाम विश्वास होता. 22 तारखेचा जनता कर्फ्यू आम्ही झोपून काढला. 24च्या रात्री आठ वाजता एकवीस दिवस ऐकलं, तेव्हा डब्यात तांदूळ किती आहे ते बघायला दोघंही एकदमच उठलो.

मी वरळी कोळीवाड्यातला. मार्च संपता संपता आमचा कोळीवाडा पोलिसांनी सील केला. घर म्हणजे एक खोली नि वर पोटमाळा, माणसं सहा. आई फोनवर म्हणाली, "आहेस तिथंच रहा. इथं आलास तर झोपशील कुठं?" बापू माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढच्या एका गावचा. त्याच्या गावानं तर रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या.

नऱ्ह्यातल्या दीड महिन्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचं तेच होतं. मेस बंद, खिचडी, मॅगी, पार्ले-जी, सकाळी दुकान उघडलं की रांग आणि कोपऱ्यावर पोलिसाची काठी. एकच सांगतो. माझ्याकडे आईनं दिलेला सुक्या जवळ्याचा डबा होता. बापूचं घर माळकरी, त्यामुळे डबा उघडला की हा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भाजी मिळेनाशी झाली, तेव्हा तोच म्हणाला, "माळ वडलांच्या गळ्यात हाय, माझ्या नाय. वाढ." तेव्हा वाटलं, आता याच्यासोबत कुठंही राहता येईल.

मेमध्ये पास मिळायला लागले आणि आम्हाला परीक्षेशिवाय पुढच्या वर्षात ढकलणार हेही कळलं. बापू म्हणाला, चल गावाला. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? दवाखान्याबाहेर तीन तास उभं राहून "सर्दी-तापाची लक्षणं नाहीत" असा दाखला घेतला, एका ओम्नीवाल्याला दामदुप्पट पैसे दिले आणि 12 मेला निघालो. शिरवळला नाक्यावर कपाळाला बंदूक लावून ताप बघितला. पुढे लोणंद, फलटण, मोगराळे घाट. घाट चढून वर आलो तसं सगळं पिवळं पडलेलं, लांब डोंगरांवर पाणी अडवायला खोदलेल्या चरांच्या रेघा. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला तो मुलूख बघून घशाला कोरड पडते.

बापूचं घर मात्र दिसलंच नाही. वेशीवर पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि दोन पोरं तोंडाला उपरणं बांधून उभी होती. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यानं आधी चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं. डाव्या हातावर शिक्का मारला आणि आमची रवानगी दुसरीच्या वर्गात झाली. शेजारच्या चौथीच्या वर्गात कोपरखैरण्याहून आलेलं एका माथाडी कामगाराचं कुटुंब होतं.

तो वर्ग अजून डोळ्यांपुढे आहे. फरशीवर ऑइलपेंटनं गोल, त्रिकोण, बाराखडीची फुलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत 1 ते 100 अशी संख्यारेषा. सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांत असं जमिनीवर रंगवलेलं असतं, पोरं त्यावर उड्या मारत गणित शिकतात. सहा फुटांचं अंतर ठेवा असं ग्रामसेवक सांगून गेला होता. बापूनं सतरंजी 15वर टाकली, मी 70वर. रात्री दिवे गेले की तो ओरडायचा, "ए सत्तर, जागा हायस का?" वर पत्रा, त्यात मे महिना. दुपारी संख्यारेषेवर पाय ठेवला तर चटका बसायचा. मुताऱ्या सहा-सात वर्षांच्या पोरांच्या मापाच्या, गुडघ्याएवढ्या. मोबाइलला रेंज फक्त तिसऱ्या खिडकीच्या गजाशी. पाणी टँकरचं, रोज दोन हंडे.

डबा बापूच्या घरून यायचा. त्याची आई फाटकाबाहेर ठेवायची, दहा पावलं मागे जायची आणि आम्ही उचलेपर्यंत उभी राहायची. बाजरीची भाकरी, मटकी, खर्डा, कधी हुलग्याचं माडगं. मला त्या पावन्यासारखंच वागवायच्या, म्हणजे माझ्या भाकरीला तूप जास्त. दोन वेळचं आयतं खाऊन मी तिथं पडलेलो, आणि या घरासाठी मी काय करणार हा हिशेब डोक्यात चालूच होता.

सहाव्या रात्री मला ताप भरला.

अंग दुखत होतं, घसा धरला होता. बापूच्या बॅगेत पॅरासिटामॉल होतं, ते घेतलं. पहाटे घाम येऊन उतरला, सकाळी परत चढला. आशाताई रोज नऊला यायच्या. वहीत नाव, ताप, खोकला आहे-नाही, सही. या सगळ्याचे त्यांना केंद्राकडून महिन्याला हजार रुपये जादा मिळायचे, त्यात ऊन, शिव्या सगळं आलं. नात्यानं त्या बापूच्या चुलत काकी. त्या यायच्या आधी बापू माझ्या सतरंजीपाशी येऊन बसला. सहा फूट वगैरे सगळं विसरून.

"अजून एक गोळी घे. ती बंदूक कपाळाला लावायच्या आधी तोंड धू गार पाण्यानं."

"आणि खरंच असलं तर?"

"ऊन लागलंय तुला. असलं तरी हितं आपण दोघंच हाय. बाहेर कोण जातंय?"

"तुझी आई डबे नेते इथले."

तो गप्प बसला. मग जे म्हणाला ते मला अजून पाठ आहे. "तू उद्या मुंबईला जाशील मर्दा. आमाला हितंच राहायचंय."

कोळीवाड्यात काय झालं होतं ते मी फोनवर ऐकत होतो. सुरुवातीला लोकांनी ताप लपवला, आणि मग एका घरातून तीन-तीन माणसं नेली. काही परत आली नाहीत. माझ्या डोक्यात ते होतं. त्याच्या डोक्यात त्याचं गाव होतं. दोघंही आपापल्या जागी घाबरलेलो. आशाताई आल्या, मी तोंड धुतलं नाही. बंदुकीनं 100.8 दाखवलं. बापू म्हणाला, "काकी, उद्या बघा की परत." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पावनं, तुमी सांगा. लिहू का नको?"

मी म्हटलं, लिहा.

दुपारी दोन वाजता 108 आली. आतून पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं उतरली. भर उन्हात आख्खं गाव माळवदांवर आणि पत्र्यांवर उभं. मी आपला पिशवी घेऊन, हात कुठं ठेवावा ते कळत नाही असा चालत गेलो. बापू वर्गाच्या दारात होता. मी हात केला, त्यानं केला नाही.

तालुक्याच्या एका वसतिगृहाचं सेंटर केलेलं होतं, तिथं नाकातून स्वॅब घेतला आणि एका खोलीत ठेवलं. त्या तीन दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. भीती वाटली, ताप दुसऱ्याच दिवशी उतरला, मुंग्या मोजल्या. 21 मेच्या संध्याकाळी रिपोर्ट निगेटिव्ह आला. ऊन आणि टॉन्सिल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे बापूचंच खरं निघालं, आणि मला त्याचा आनंद होण्याऐवजी रागच आला.

शाळेत परत आलो तर माझी सतरंजी 70वरून उचलून चौथीच्या वर्गात टाकलेली. ते कुटुंब त्याच दिवशी सुटून घरी गेलं होतं. मी "त्या दवाखान्यातून" आलो म्हणून माझे चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असं समितीनं ठरवलं होतं. रिपोर्टचा कागद दाखवला. सरपंच म्हणाले, कागद ठेवा तुमच्यापाशी.

रात्री डबा आला. त्यात भाकरीबरोबर खव्याचा लिंबाएवढा गोळा, साखर घालून परतलेला. इतका ताजा खवा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. मधल्या भिंतीला वर झरोका होता, त्यातून ओरडलो, "बापू, खवा काय भारी आहे रे!"

बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, "चार दिस डेरीनं दूध घेतलं नाय आमचं. आई आटवतीया. खा."

मला खरंच काही माहीत नव्हतं. ज्या दिवशी मला नेलं त्याच संध्याकाळी संकलन केंद्रावर त्याच्या वडिलांची किटली लांबूनच परत पाठवली. आईचा हात लागतो, ती शाळेत डबा नेते, म्हणून. दोन गाई, दिवसाला अठरा लिटर. लॉकडाऊननं दुधाचा भाव आधीच विशीच्या आसपास कोसळलेला, त्यातून पेंडीचं बिल जाऊन उरायचं काय ते तुम्हीच बघा. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला लागले, पण झालं ते झालं. आणि मला जे खायला घातलं ते त्याच परत आलेल्या दुधाचं. त्याची आई तरीही डबा घेऊन येतच होती, तूपही तेवढंच.

तेव्हापासून बापू बोलायचा बंद झाला. भांडण वगैरे नाही. भिंतीपलीकडे त्याच्या हालचाली ऐकू यायच्या, बादलीचा आवाज, मोबाइलवरचं गाणं. मी एकदा म्हटलं, सॉरी. तो म्हणाला, "कशाबद्दल?" हे उत्तर "जा मर" पेक्षा वाईट असतं. 26 मेला त्याचे चौदा दिवस भरले. संध्याकाळी सतरंजी गुंडाळली, वर्ग झाडला, आणि माझ्या दारासमोरून निघून गेला. माझे आणखी नऊ दिवस उरले होते. त्या वर्गाच्या फरशीवर संख्यारेषा नव्हती, सापशिडी होती. एकट्यानं सापशिडी खेळून बघा एकदा.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, मी लिहा म्हटलं ते बरोबर होतं का? हो, परत तसंच झालं तर परत तेच सांगेन. पण बरोबर वागण्याचं बिल ज्याला भरावं लागलं तो मी नव्हतो, हेही तितकंच खरं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी त्याला 1,440 रुपये गुगल पे केले, अठरा लिटर गुणिले चार दिवस गुणिले वीस. दोन मिनिटांत पैसे परत आले, सोबत मेसेज: "गाईला विचारून सांगतो."

पण हे पुढचं झालं. बोलणं सुरू झालं ते 3 जूनला, निसर्ग वादळाच्या दिवशी.

आदल्या रात्रीपासून बातम्या होत्या की चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागणार, मुंबईलाही फटका बसेल. आमच्याकडच्या होड्या वर ओढून बांधल्या होत्या. आई आणि आजी पोटमाळ्यावर, त्यावर पत्रा. सकाळपासून फोन लागत नव्हता, खिडकीच्या गजाशी हात उंच करून उभा राहिलो तर माझ्या फोनची बॅटरी गेली. लाइट पहाटेच गेलेली. आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता, शाळेचा पत्रा थडथड वाजत होता. अकराच्या सुमारास कुणीतरी फाटक उघडलं. ते उघडायला मनाई होती.

बापू सायकलवरून आला होता. पोत्याची खोळ डोक्यावर. व्हरांड्यात तिसऱ्या खिडकीच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून बसला आणि त्याचा फोन त्यानं गजातून आत धरला. बातम्या चालू होत्या.

"तुझं घर ह्यात कुठं येतं?" त्यानं नकाशाकडे बोट केलं.

मी दाखवलं. वरळीचं ते टोक त्या नकाशात दिसतही नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास वादळ अलिबागपाशी धडकलं. आम्ही दोघं एकच स्क्रीन बघत होतो, तो बाहेरून, मी आतून. मधे त्यानं खिशातून भाजलेल्या शेंगा काढून गजातून सरकवल्या. दर दहा मिनिटांनी आईचा नंबर लावत होता, त्यानंच पाठ केला होता तो. अडीचला लागला. आई म्हणाली, नुसता वारा आहे रे, पत्रा जागेवर आहे, वादळ बाजूनं गेलं. मग तिनं विचारलं, हा कुणाचा नंबर?

"मी बापू, काकू," तो म्हणाला. "तुमचा जवळा खाल्लाय मी."

आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ "हां, हां" करत होता. फोन ठेवून परत तसाच बसला, शेंगांची टरफलं एका जागी गोळा करत. चार वाजता उठला, खोळ डोक्यावर घेतली.

"बस की अजून," मी म्हटलं.

"नको. दूध घालायचंय," म्हणाला, आणि फाटक लावून घेऊन गेला.