बोअरचं पाणी, पांढरे नळ आणि न शिजणारी डाळ

प्रश्न : ताई, आम्ही वाघोलीला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो, सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. सहा महिन्यात नळ पांढरेफटक, गीझरची कॉइल एकदा बदलून झाली, तूरडाळ पाच शिट्ट्या काढून पण दाणा न् दाणा वेगळा. परवा एक सेल्समन आला, पेनसारखा मीटर पाण्यात बुडवून ९०० आकडा दाखवला आणि म्हणाला सॉफ्टनर लावाच. लावू का?

उत्तर : जरा थांबा. तो मीटर टीडीएस दाखवतो, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यात साधं मीठ पण आलं. तुमचा त्रास पाण्याच्या जडपणाचा, तो मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येतो, तो लॅबमध्ये 'टोटल हार्डनेस' म्हणून वेगळा मोजून घ्या. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) हिशोबाने पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. गंमत म्हणजे सॉफ्टनर कॅल्शियम काढून बदल्यात सोडियम सोडतो, त्यामुळे मशीन लावल्यावर पण तोच मीटर जवळपास तेवढाच आकडा दाखवणार, हे त्या भल्या माणसाला विचाराच!

घरच्या घरी अंदाज हवा तर दोन बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं, दोन्हीत अंगाचा साबण किसून चिमूटभर टाका आणि हलवा. जड पाण्यात फेस येतच नाही, वर दह्यासारखा साका तरंगतो. (शाम्पू, हँडवॉश नको, त्यांना जड पाण्यात पण बऱ्यापैकी फेस येतो.)

डाळीसाठी मशीन लागत नाही हो. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाण्याच्या पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला) धरून बसतं म्हणून ती मऊ होत नाही, तेव्हा भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी घ्या, बस. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, ह्या क्षारांचं उलटं, पाणी तापलं की बाहेर पडून कॉइलवर बसतात, म्हणून गीझर ५०-५५ च्या वर ठेवू नका आणि वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्या. नळाला व्हिनेगरचं फडकं अर्धा तास गुंडाळलं की थर सुटतो, पण खाली कडप्प्याचा ओटा असेल तर थेंब पडू देऊ नका, तोही चुनखडीच, कायमचा डाग पडतो. आणि ब्लीचसोबत व्हिनेगर कधीच नाही, विषारी गॅस होतो.

एवढं करून रिपोर्ट ६०० च्या वर आला तर सॉफ्टनरचं बघा, पण एकट्याने नको, सोसायटीच्या टाकीलाच लावायचा विषय मीटिंगमध्ये काढा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात तुरटी फिरवली की पाणी हलकं होतं. खरं का?

उत्तर : गढूळपणा जातो, जडपणा नाही. उकळल्याने थोडा जातो, पातेल्याच्या बुडाशी पांढरं बसतं ते तेच. पण केस धुवायला त्यांची रिठा-शिकेकाई मागून घ्या, तिचा साबणासारखा साका होत नाही.